वळणावरची चाळीस पावलं

बेलखारच्या बांधाचा हरेश्वर एकोणीस वर्षं पुढारी होता. या पुढारीपणात खुर्ची नसते, हार नसतो. गुडघाभर चिखल असतो आणि भरतीची वेळ तोंडपाठ असावी लागते.

बेलखारची भातशेती रेवदंड्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला आहे, भरतीच्या पाण्याहून खाली. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध उभा. अडीच किलोमीटर लांब, पुरुषभर उंच. तो राखायचं काम पिढ्यानपिढ्या गावच्या जोळाचं. ज्याची शेती बांधाआड, त्याच्या घरचा एक माणूस जोळात. अशी साठ-सत्तर घरं. प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा पावलांनी मोजून दिलेला, कुणाला तीस पावलं, कुणाला पन्नास. उन्हाळ्यात त्यावर चिखल चढवायचा आणि पावसाळ्यात प्रत्येक उधाणाच्या आधी बिळं बुजवायची.

बिळं खेकड्यांची. बांधाला खरा घोर त्यांचाच. बीळ बुजवायची रीत ठरलेली आहे. कुदळीने ते शेवटापर्यंत उकरत जायचं, मग ते दोन हात निघो की चार. नंतर खाडीतला चिकट चिखल थराथराने भरायचा आणि प्रत्येक थर टाचेने तुडवायचा. एका बिळाला अर्धा तास जातो. अंगचोर माणूस बिळाच्या तोंडात चिखलाचा गोळा कोंबतो आणि वरून हात फिरवतो. त्याला दोन मिनिटं लागतात. वरून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. आत मात्र एक भरलेलं असतं आणि एक पोकळ.

हरेश्वर पुढारी झाला तेव्हा बेचाळीसचा होता. त्याने कधी आवाज चढवला नाही. काम सांगायच्या आधी तो स्वतः चिखलात उतरायचा, आणि उतरायचा तोही सगळ्यात खोल जागी. ओल्या चिखलाचं एक घमेलं वीस किलो भरतं. दिवसाला दोनशे घमेली त्याच्या हातून जायची आणि हे कुणाला सांगायला तो मोजत नव्हता. कुणाची कंबर धरली आहे, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे त्याला विचारावं लागत नसे. तशा माणसाला तो वरच्या कोरड्या जागेवर उभा करायचा, आणि असा करायचा की बाकीच्यांना ती सवलत वाटू नये. भाकऱ्या सुटल्या की सगळे जेवायला बसत. हा हात धुवायला शेवटी जाई.

लोक त्याच्या शब्दाला मान देत. तालुक्याच्या कचेरीतून साहेब आले तरी बांधाचं काही विचारायचं झालं तर "हरेश्वरदादांना विचारा" म्हणत.

त्याची एक सवय मात्र गावाला माहीत नव्हती. ती फक्त मैनाला, त्याच्या बायकोला माहीत होती, कारण चिखलाचे कपडे तिला धुवावे लागत.

उधाणाच्या दिवसांत भरती भर दुपारी येते, म्हणून ओहोटी पहाट फुटायच्या सुमाराला असते. आदल्या दिवशी जोळाचं काम आटपलं की दुसऱ्या दिवशी फटफटताना हरेश्वर एकटा बांधावर जायचा. हातात सळई. बुजवलेल्या बिळात सळई घालून बघायचा. जिथे ती सरसर आत जाई, तिथे तो खाली बसायचा, बीळ उकरायचा, नव्याने भरायचा, टाचेने तुडवायचा आणि वरून हात फिरवून पहिल्यासारखं करून ठेवायचा. गाव उठून बांधाकडे येईपर्यंत तो घरी आलेला असे.

"कोणाचं केलंत आज?" मैना विचारायची.

"होतं दोघातिघांचं."

"त्यांना सांगत का न्हाय?"

"सांगितलं तर रागावतील. उद्या येणार न्हाईत. मग मी एकटा अडीच किलोमीटर कसा राखू?"

"आता तरी कोण राखतंय?" मैना म्हणायची आणि पँट बादलीत बुडवायची.

त्या दोघातिघांत एक नाव कधी चुकत नसे. दत्तूचं.

दत्तात्रेय त्याचा लहानपणापासूनचा सोबती, आणि पुढे साडूही झाला. मैनाची धाकटी बहीण किशोरी दत्तूच्या घरात दिलेली. दत्तूचा तुकडा खाडीच्या वळणावर होता, चाळीस पावलं. पाणी तिथे सरळ अंगावर येतं, म्हणजे बांधातला सगळ्यात अवघड तुकडा. दत्तू माणूस सोन्यासारखा. हाक मारायचा अवकाश, पहिला हजर. पण हाताला दम नव्हता. बोलता बोलता काम करायचा, आणि बोलणं संपायच्या आत काम संपवायचा.

बोलणं मात्र ऐकण्यासारखं. त्याच्यामुळे चिखल हलका होतो असं बायका म्हणत.

"माझ्या चाळीस पावलांवरून हत्ती ने, कमलेश," तो शेजारच्या तुकड्यावरच्या पोराला म्हणायचा. कमलेश तेव्हा नुकताच बापाच्या जागी जोळात येऊ लागला होता. "हत्ती ने. बांध दबणार सुद्धा न्हाय. तुझा तुकडा बघ. म्हातारीच्या तोंडावानी. बोट घालू तिथं भोक."

"काका, तुमच्यात काय सिमेंट हाय का?"

"हातगुण हाय, हातगुण. हऱ्याला विचार. एकोणीस सालं झाली, वळणावर एक थेंब आत आला का? काय रे हऱ्या?"

हरेश्वर हसायचा. "न्हाय आला," म्हणायचा. ते खोटं नव्हतं.

दत्तूने पोराला, निकेतला, तिथेच कामाला लावलं होतं. निकेत आता ट्रक चालवतो, पण सुट्टीला आला की बापाबरोबर बांधावर येई. गोळा कसा कोंबायचा आणि वरून हात कसा फिरवायचा, हे बाप त्याला दाखवायचा. हरेश्वर चार हातांवरून बघायचा आणि कुदळ मारत राहायचा.

गेल्या आषाढात हरेश्वरच्या जांघेत आतडं उतरलं. अलिबागला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वजन उचलायचं नाही आणि चिखलात तर पायही घालायचा नाही. टाके तुटले तर पुन्हा कापावं लागेल.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने दत्तूला बोलावलं.

"जोळ तू सांभाळ दोन महिने."

दत्तू खाटेच्या कडेला बसला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. एकोणीस वर्षांत हे कुणी त्याच्यावर सोपवलं नव्हतं. "तू झोप आरामात," तो म्हणाला. "एक सांग. कशात लक्ष घालू?"

हरेश्वरने सांगितलं. सळई दिली. बुजवलेल्या प्रत्येक बिळात घालून बघ, म्हणाला. सरसर गेली तर उकरायला लाव.

"सगळ्यांचे तुकडे?"

"सगळ्यांचे."

"कमलेश भांडंल."

"भांडू दे."

वळणाचं काही सांगावं म्हणून हरेश्वरने तोंड उघडलं. दत्तू सळई हातात तोलत होता, तिच्या टोकाला अंगठा लावून बघत होता. आज नको, हरेश्वरला वाटलं. आज त्याला पुढारी केलं आणि आजच सांगायचं की तुझं काम पोकळ आहे? मैना दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे वळून झोपला.

दत्तूने काम मन लावून केलं, हे गावाला कबूल आहे. दोन उधाणं गेली. साठ-सत्तर घरांचे तुकडे त्याने सळई घालून तपासले. कमलेशला नऊ बिळं पुन्हा उकरायला लावली. कमलेश भांडला, चार दिवस फुगून बसला, पण बिळं उकरली. रोज संध्याकाळी दत्तू हरेश्वरकडे येऊन सगळं सांगायचा. कुठे काय निघालं, कोण काय बोललं. हरेश्वर कान देऊन ऐकायचा. वळण कसं आहे, एवढंच त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

वळणावर सळई घालायची दत्तूला गरजच वाटली नाही. जो तुकडा एकोणीस वर्षं हलला नाही तो कशाला तपासायचा?

नारळी पुनवेच्या दिवशी गाव घरात होतं. नारळीभाताचा वास सगळ्या आळीत. मोठं उधाण, पाणी बारा वाजता चढायचं. दत्तू अकरा वाजता बांधावर चक्कर मारायला गेला. टोकापासून टोकापर्यंत चालला. मग आपल्या चाळीस पावलांवर येऊन बसला आणि तंबाखू मळायला घेतली.

आतल्या बाजूला बांधाच्या पायथ्याशी त्याला पाणी दिसलं. बोटाएवढी धार. पावसाचं निथळत असेल असं त्याला वाटलं. पाणी स्वच्छ होतं, म्हणून तो आणखी थोडा वेळ बसला. धार गढूळ झाली तेव्हा तो उठला. गढूळ पाणी म्हणजे आतून माती वाहते आहे. तो खाली उतरला, धारेवर पाय देऊन उभा राहिला आणि ओरडला. घरं लांब होती. माणसं पोचेपर्यंत पायाखालची माती गेली, आणि तिच्याबरोबर तोही शेतात फेकला गेला.

हरेश्वर मैनाला न जुमानता आला. पोटावर हात दाबून, पाऊल पाऊल टाकत. तोवर वीस फुटांचं खिंडार पडलं होतं आणि खाडी आत शिरत होती. माणसं पोती, फळ्या, कुणाच्या तरी दाराची झापं टाकत होती आणि पाणी ती काडीसारखी उचलून नेत होतं. दत्तू छातीभर पाण्यात उभा होता. कपाळ फुटलं होतं. हातात एक पोतं होतं आणि ते कुठे ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं.

"हऱ्या, वळण गेलं," तो म्हणाला. "वळण कसं गेलं रं?"

ओहोटी लागेपर्यंत शंभर एकर पाण्याखाली गेलं. लावणी होऊन महिना झालेलं हिरवं भात. आठ दिवसांत ते पिवळं पडलं, मग करपलं. ज्यांच्या शेततळ्यात जिताडे वाढवले होते त्यांचे मासे खाडीत निघून गेले. खारं पाणी एकदा मुरलं की तीन पावसाळे जमीन धुवावी लागते. तीन वर्षं बेलखारला स्वतःचा तांदूळ मिळणार नव्हता.

पाचव्या दिवशी देवळात जोळ बसला. हरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. दत्तू खांबाशी, कपाळावर पट्टी.

कमलेश उभा राहिला. "दत्तूकाकांनी सगळ्यांच्या बिळात सळई घातली. माझी तर नऊ बिळं उकरवली. बरोबर होतं, मी मानतो. पण स्वतःच्या तुकड्यात कोण घालणार होतं सळई? साडू?"

कोणी हसलं नाही.

"पुढारीपण मिळालं की आपलं ते सोनं," दुसरा म्हणाला. "महिनाभर गावाला नाचवलं आणि बांध फोडला."

दत्तू काही बोलत नव्हता. एवढं न बोलताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. लोक बोलत गेले. एकाने तर म्हटलं, दत्तूने मुद्दाम दुर्लक्ष केलं, वळणाची जमीन कुणाला तरी विकायची असेल.

हे हरेश्वरला ऐकवेना. पुढाऱ्याने दोष आपल्या अंगावर घ्यावा, एवढं त्याला ठाऊक होतं. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. तो भिंतीला धरून उठला.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "दत्तूला बोलू नका. वळणावरची बिळं दर साल मी मागाहून बुजवायचो. ह्या साली मी खाटेवर होतो. दत्तूनं नेहमीसारखंच केलंय. त्याचा काय दोष?"

हरेश्वरला वाटलं, झालं, दत्तू सुटला.

दत्तूने मान वर केली. "दर साल?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दुसऱ्या सालापासनं."

"म्हंजे पहाटे येऊन."

"व्हय."

"मला कवा बोलला न्हायस."

"तुला वाईट वाटलं असतं, दत्तू."

"आणि आता?"

दत्तू उठला, धोतर सारखं केलं. त्याचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. "मी हत्तीचं बोलायचो, तवा तू हसायचास. मला वाटायचं माझ्या जोडीनं हसतोयस." मग कमलेशकडे वळून म्हणाला, "तुझी नऊ बिळं मी उकरवली. मला माफ कर." आणि चप्पल घालून निघून गेला.

निकेत दारात उभा होता. बाप बाहेर जाताना तो बाजूला झाला. मग त्याने हरेश्वरकडे पाहिलं. "काका, मला पण बाबांनी तसंच शिकवलंय," तो म्हणाला. "तुम्ही तिथंच उभे असायचात."

त्यानंतर दत्तूच्या घराचं दार हरेश्वरला बंद झालं. वाजवलं तर किशोरी यायची, झोपलेत म्हणायची. मैनाशी ती उंबऱ्यातून बोलायची, आत ये म्हणायची नाही. दोघी बहिणींनी त्या वर्षी एकमेकींकडे दिवाळीचं ताट पाठवलं नाही. दिवाळीच्या आतच दत्तू काशिदला एका बंगल्यावर राखणीला लागला आणि तिथेच राहू लागला.

पाऊस सरला, बांध वाळला, तसं खिंडार भरायला जोळ पुन्हा उतरला. दत्तूच्या घरून निकेत आला. बावीस दिवस काम चाललं. नारळी पुनवेच्या दिवशी टाके उसवले होते, हरेश्वरला अजून वजन उचलायची मनाई होती, म्हणून तो नुसता उभा राहून बघे. बघता बघता त्याला दिसलं, निकेत गोळा कोंबतोय.

या वेळी तो तिथेच बोलला. "निकेत, ते काढ. पोकळ हाय. शेवटापर्यंत उकर आणि परत भर."

सगळ्यांच्या कुदळी थांबल्या. निकेतचे कान लाल झाले. त्याने घमेलं आदळलं आणि घरी निघून गेला. हरेश्वर रात्रभर कुशी बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेत आला. कुणाशी न बोलता त्याने ते बीळ उकरलं. अर्धा तास लावला. टाचेने तुडवलं. मग म्हणाला, "काका, बघा."

हरेश्वरने सळई घातली. ती गेली नाही.

एवढंच होतं. पोरगा रागावला, एक दिवस गेला, परत आला. एकोणीस वर्षं ज्या रागाला हरेश्वर भ्याला, त्याची लांबी एका दिवसाची होती. तो बांधावरून थोडा लांब गेला आणि खाडीकडे तोंड करून उभा राहिला. लोकांना वाटलं टाके दुखतायत.

त्याच आठवड्यात तो एस.टी.ने काशिदला गेला.

बंगला रस्त्याला लागूनच होता. दत्तू मागच्या बाजूला दगडी गडगा रचत होता, राखणीच्या कामातून वेळ काढून. वाळला होता. हरेश्वरला पाहून त्याने हातातला दगड खाली ठेवला नाही.

"बस," म्हणाला. बसायला काही नव्हतं.

"किशोरी बरी हाय," हरेश्वर म्हणाला. "निकेत चांगला हात मारतो आता. मी त्याला तोंडावर बोललो. रागावला. पण आला परत."

"सांगितलं त्यानं."

"दत्तू, मी तवाच बोलायला पाहिजे होतं."

दत्तूने दगड थरावर ठेवला, फिरवला, पुन्हा फिरवला. "इथं बरं हाय," तो म्हणाला. "माझ्यामागनं कोण येत न्हाय. पडलं तर माझं पडंल."

हरेश्वरची नजर आपोआप गडग्यावरून फिरली. तिसऱ्या थरात एका दगडाला खाली आधार नव्हता. वरून बरा दिसत होता, पण खाली पोकळ. पहिल्या पावसात माती सरली की तो निसटणार आणि वरचा हातभर गडगा घेऊन येणार. त्याने नजर काढून घेतली. मग मुद्दाम परत तिथेच लावली.

"तिसऱ्या थरातला तो दगड बसला न्हाय," तो म्हणाला.

दत्तूचा हात थांबला. मग त्याने वरचे दगड एकेक करून उतरवले. चौदा होते. हरेश्वर एक पाऊल पुढे झाला.

"हात लावू नको," दत्तू म्हणाला.

हरेश्वरने हात मागे घेतले आणि पाठीशी धरून ठेवले. दत्तूने दगड काढला, खालची जागा साफ केली, दगडाची चिप घातली. दगड डुगडुगला. पुन्हा काढला. दुसऱ्यांदाही बसला नाही. हरेश्वरला दिसत होतं चिप कुठल्या बाजूला हवी ते. त्याने विचारायची वाट पाहिली. दत्तूने विचारलं नाही. तिसऱ्या वेळी दगड बसला. दत्तूने त्यावर उभं राहून पाहिलं, मग खाली उतरून वरचे चौदा दगड पुन्हा रचायला घेतले. बरोबर झालं का, असं त्याने वळून पाहिलं नाही.

"एस.टी.ची वेळ झाली असंल तुझी," तो म्हणाला.

"व्हय, झाली," हरेश्वर म्हणाला.

एस.टी.ला अजून दोन तास होते. तो फाटकाबाहेर पडला आणि रस्त्यापलीकडच्या थांब्यावर जाऊन बसला. तिथून बंगल्याची मागची बाजू दिसत नव्हती. दगडावर हातोडी बसल्याचा आवाज तेवढा येत होता. एस.टी. येईपर्यंत तो आवाज कान देऊन ऐकत बसला. कुठला दगड बसला आणि कुठला नाही, हे त्याला इतक्या लांबूनही कळत होतं.